जंदोबरी

बऱ्याच दिवसांत इथे काही लिहिलं नाही. कारणं नेहमीचीच, त्यात थोडा आळस. पण मे महिन्यात ऑफिसच्या कामासाठी वॉर्साला जाऊन आले, आणि परत आल्यापासून तिथला एक शनिवार काही डोक्यातून जात नाहीये. तो एकदाचा लिहून काढते. प्रवासवर्णन म्हणून वाचायला घेतलंत तर थोडी निराशा होईल. कुठे राहावं, काय विकत घ्यावं यातलं मला फारसं सांगता येणार नाही. घरच्यांनी मात्र शेवटपर्यंत वाचा. काकांनी तर नक्कीच.

आधी आज्जीच्या एका शब्दाबद्दल सांगायला हवं. लहानपणी सुट्टीत कोल्हापूरला गेलो की सकाळी डोळे चोळत स्वयंपाकघरात येणाऱ्या प्रत्येक नातवंडाला आज्जी म्हणायची, "काय, जंदोबरी!" आम्हाला वाटायचं, उशिरा उठणाऱ्याला द्यायची ही एखादी सौम्य शिवी असणार. (एका चुलतभावाने ती शाळेत शिवी म्हणून वापरूनही बघितली. समोरच्यावर काही परिणाम झाला नाही.) अर्थ विचारला की ती म्हणायची, "वळिवड्याची माणसं म्हणायची तसं." आज्जीचे वडील टांगा चालवायचे, स्टेशनवरून आसपासच्या गावांना भाडी न्यायचे, त्यामुळे वळिवड्याची माणसं म्हणजे असतील कुणी गिऱ्हाईकं, असं समजून आम्ही सोडून दिलं.

सोमवारी सकाळी वॉर्साच्या हॉटेलात काउंटरवरची मुलगी हसून म्हणाली, "जेन दोब्री." म्हणजे शुभ दिवस, नमस्कार. मी तिच्याकडे बघतच राहिले. तिने घाईघाईने इंग्रजीत पुन्हा सांगितलं. तिला वाटलं असणार, बाईंना भाषा कळत नाहीये.

दुसऱ्या महायुद्धात वळिवड्याला पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती हे कोल्हापुरात बहुतेकांच्या कानावर असतं. महावीर उद्यानात त्यांचं स्मारक आहे, मी लहानपणी त्याच्याभोवती पळापळी खेळले आहे. पण आज्जीचा शब्द आणि ती छावणी यांची गाठ मी कधी घातलीच नव्हती. असो. त्यानंतर पाच दिवस मीटिंगमध्ये गेले. शुक्रवारी काम संपलं, विमान रविवारचं. मधला अख्खा शनिवार रिकामा, सोबत कुणी नाही, आणि कुणाला कुठे भेटायचंही नाही. असा दिवस मला किती वर्षांनी मिळाला, हे मोजायला गेले तर घरात भांडण होईल.

सकाळी आठला बाहेर पडले. हॉटेल शहराच्या मध्यभागी, तो प्रचंड संस्कृती प्रासाद दिसेल अशा जागी. (तो न दिसणारी जागा वॉर्सात शोधावी लागते. २३७ मीटर उंच, स्टालिनच्या रशियाने दिलेली भेट, १९५५ साली बांधून पूर्ण.) तिथून जुन्या शहराकडे चालत निघाले. वाटेतल्या मोठ्या रस्त्याचं नाव क्राकोव्स्किए पशेदमिएशचे. हे नाव मी आठवडाभरात एकदाही एका दमात म्हणू शकले नाही. रुंद पदपथ, दोन्ही बाजूंना फिकट पिवळे, गुलाबी, राखाडी राजवाडे आणि चर्च. एका चर्चच्या खांबात शोपँ या संगीतकाराचं हृदय ठेवलेलं आहे. तो पॅरिसला वारला, शरीर तिथेच पुरलं, पण हृदय बहिणीने इकडे आणलं.

या रस्त्यावर चालताना एक गंमत दिसते. जागोजागी जुन्या चित्रांच्या प्रती लावल्या आहेत, साधारण जिथे उभं राहून चित्र काढलं असेल त्या जागी. चित्रकार बेर्नार्दो बेलोत्तो. व्हेनिसच्या सुप्रसिद्ध कानालेत्तोचा भाचा, आणि मामाचंच नाव लावून फिरणारा, त्यामुळे पोलंडमध्ये यालाच कानालेत्तो म्हणतात. १७६७ पासून १७८० साली मरेपर्यंत तो वॉर्सात होता आणि तिथल्या शेवटच्या राजासाठी त्याने शहराची चित्रं काढली. घरं, खिडक्या, छपरावरचे पुतळे, रस्त्यातली कुत्री, भिकारी, सगळं बारकाईने. मी चित्र बघायचे, मान वर करून समोरची इमारत बघायचे. तंतोतंत! अडीचशे वर्षांत काही बदललं नाही म्हणून मला कौतुक वाटायला लागलं, आणि मग स्वतःचंच हसू आलं. कारण समोरची इमारत बघून चित्र काढलं होतं हे खरं, पण मी बघत होते ती इमारत त्या चित्राकडे बघून बांधलेली होती.

थोडं मागे जाते. १ ऑगस्ट १९४४ ला संध्याकाळी पाच वाजता वॉर्सातल्या भूमिगत सैन्याने जर्मनांविरुद्ध उठाव केला. रशियन फौजा नदीच्या पलीकडे येऊन ठेपत होत्या, आठवडाभरात सुटका होईल असा हिशेब होता. रशियन आले नाहीत. उठाव ६३ दिवस चालला. दीड ते दोन लाख नागरिक मेले. शरणागतीनंतर जर्मनांनी उरलेल्या लोकांना शहराबाहेर काढलं आणि रिकाम्या शहराचा नाश पद्धतशीर हाती घेतला. लढाई संपलेली होती, समोर शत्रू नव्हता, तरी खास पथकं गल्लीगल्लीतून घरं पेटवत आणि महत्त्वाच्या इमारतींना सुरुंग लावत फिरत होती. जानेवारी १९४५ मध्ये रशियन आणि पोलिश सैन्य आत आलं, तेव्हा नदीच्या डाव्या तीरावरच्या शहराचा सुमारे ८५ टक्के भाग गेलेला होता.

राजधानी दुसरीकडे हलवावी असाही विचार तेव्हा झाला. शेवटी वॉर्साच पुन्हा उभं करायचं ठरलं, आणि जुना भाग होता तसा. फेब्रुवारी १९४५ मध्ये त्यासाठी एक कार्यालय स्थापन झालं. त्यातल्या जुन्या वास्तूंच्या विभागाचे प्रमुख होते यान झाख्वातोविच, वास्तुशास्त्राचे प्राध्यापक. (युद्धात सांस्कृतिक वास्तूंना इजा करू नये म्हणून लावतात ते निळ्या ढालीचं आंतरराष्ट्रीय चिन्ह यांचंच.) ही मंडळी केवळ बेलोत्तोच्या भरवशावर नव्हती. युद्धाच्या आधी वॉर्साच्या तंत्रविद्यापीठातले विद्यार्थी दरवर्षी जुन्या घरांची मापं घेऊन नकाशे काढत असत. अभ्यासक्रमाचा भाग म्हणून! आपण सबमिशनसाठी काढतो तसे. जर्मन अंमलातही हे काम गुपचूप चालू राहिलं, आणि उठावानंतर शहर जळत असताना ती भेंडोळी बाहेर काढून पिओत्रकुव गावच्या एका मठात, थडग्यांमध्ये लपवली गेली. कुठल्या तरी कंटाळलेल्या पोराने १९३० च्या दशकात मार्कांसाठी मोजलेल्या जिन्याची उंची पंधरा वर्षांनी गवंड्याच्या हातात पडली. मला या सगळ्या गोष्टीत सर्वांत जास्त हे आवडलं.

राजवाड्यासमोरच्या चौकात झिगमुंट राजाचा स्तंभ आहे. राजधानी क्राकुवहून इथे आणली ती याने, आणि १६४४ साली त्याच्या मुलाने हा स्तंभ उभारला. सप्टेंबर १९४४ मध्ये तो पाडला गेला, १९४९ मध्ये पुन्हा उभा राहिला. वरचा राजाचा पुतळा जुनाच, डागडुजी केलेला. खालचा खांब नवा. जुने खांब राजवाड्याच्या बाजूला गवतात आडवे पडलेले आहेत आणि पोरं त्यांवर चढून बसतात. मीही बसले. सव्वाअकरा व्हायची वाट बघत होते.

सव्वाअकरा का, तर राजवाड्याच्या मनोऱ्यावर घड्याळ आहे. १७ सप्टेंबर १९३९ ला जर्मन तोफांनी मनोरा पेटला आणि काटे ११ वाजून १५ मिनिटांवर थांबले. पुढे सगळा राजवाडाच गेला. भिंतींमध्ये सुरुंगांची भोकं जर्मनांनी युद्धाच्या सुरुवातीलाच पाडून ठेवली होती, बार मात्र १९४४ मध्ये उडवले. मधल्या काळात संग्रहालयातल्या लोकांनी दारं, कोरीवकाम, छताचे तुकडे, जमेल ते हळूहळू बाहेर नेऊन लपवलं. आसपासचं जुनं शहर १९५० च्या दशकात उभं राहिलं, पण राजवाड्याला कम्युनिस्ट सरकार तयार होईना. राजाचा वाडा कशाला बांधायचा! शेवटी १९७१ मध्ये परवानगी मिळाली आणि बराचसा पैसा लोकांनी वर्गणीतून दिला. घड्याळ पुन्हा सुरू केलं ते १९ जुलै १९७४ ला, ११ वाजून १५ मिनिटांनी. तेव्हापासून थांबल्या जागेवरून पुढे चालू. रोज त्या वेळेला वर एक बिगुलवाला येतो आणि वाजवतो. त्या दिवशीही आला. चौकातल्या निम्म्या लोकांनी मोबाईल वर केले, बाकीच्या निम्म्यांनी लक्षही दिलं नाही. ते बहुधा गावातले असावेत.

आत राजवाड्यात बेलोत्तोची मूळ बावीस चित्रं एका दालनात आहेत. मी तिथे जवळजवळ तास काढला. एकटं असण्याचा हा फायदा, मागून कुणी "झालं का?" विचारत नाही. चित्रांपेक्षाही मला भिंती बघायला आवडल्या. संगमरवरी चौकटीचा एक कोपरा मळकट, झिजलेला, आणि बाकीची चौकट गुळगुळीत. म्हणजे कोपरा लपवून ठेवलेल्या तुकड्यांपैकी असावा आणि बाकी सगळं त्याच्याभोवती नव्याने विणलेलं. आपल्याकडे जुन्या पैठणीचा पदर नव्या साडीला लावतात, त्याची आठवण झाली.

आता काकांचा विषय काढते. आमचं मंगळवार पेठेतलं घर दिवाळीनंतर पाडायचं ठरलंय. पणजोबांनी बांधलेलं, खाली सोपा, वर माडी, आणि मागे ढासळलेली न्हाणी. राहायला कुणी नाही, दुरुस्ती झेपत नाही, हे मलाही मान्य. काकांचं म्हणणं असं की नव्या इमारतीचा दर्शनी भाग जुन्यासारखा करावा. तोच दरवाजा, तेच सागवानी खांब, वरचा सज्जाही तसाच. मी फॅमिली ग्रुपवर लिहिलं होतं, "म्हणजे सिनेमाचा सेट. पाडायचं तर सरळ पाडा, खोटं कशाला?" त्यानंतर काका आठ दिवस ग्रुपवर काही बोलले नाहीत. काका ग्रुपवर रोज सकाळी सुविचार टाकतात, त्यामुळे ती शांतता चांगलीच जाणवली.

तर मी वॉर्साच्या जुन्या बाजारचौकात उभी होते आणि माझ्या व्याख्येने तो अख्खा चौक सिनेमाचा सेट होता. चारी बाजूंना उंच अरुंद घरं, प्रत्येकाचा रंग वेगळा, मधे हातात तलवार उगारलेली जलपरी. हा चौक २२ जुलै १९५३ ला खुला झाला, म्हणजे वयाने माझ्या आईच्या जवळपास. आणि नीट बघितलं तर तो 'होता तसा'ही नाही. युद्धापूर्वी इथे दाटीवाटीची गरीब वस्ती होती, मागे अंधारी चौकं, एकाला चिकटून एक खोल्या. बांधणाऱ्यांनी त्या मागच्या खोल्या पुन्हा बांधल्याच नाहीत, हवा-उजेडासाठी जागा मोकळी सोडली. आतून घरं म्हणजे त्या काळाचे साधे फ्लॅट. एकोणिसाव्या शतकात वर चढवलेले जास्तीचे मजले बऱ्याच ठिकाणी गाळून टाकले. भिंतींवरची नक्षी १९५३ च्या चित्रकारांची. कॅथेड्रलचा दर्शनी भाग तर १९३९ सालचा नाहीच, तो चौदाव्या शतकात कसा असेल याचा झाख्वातोविच यांनी केलेला अंदाज आहे. विटा कमी पडल्या तेव्हा देशाच्या पश्चिमेकडच्या, पूर्वी जर्मन असलेल्या शहरांमधून उतरवून आणल्या. म्हणजे एका उद्ध्वस्त गावाचं घर दुसऱ्या गावाला. आणि शहराची सगळी जमीन सरकारने ऑक्टोबर १९४५ च्या हुकुमाने ताब्यात घेतली होती, म्हणून हे इतक्या भराभर जमलं. मूळ मालकांच्या वारसांचे दावे पुढे कित्येक दशकं कोर्टात होते. (प्रॉपर्टी कार्डावर सतरा नावं असलेल्या घरात जन्मल्यामुळे मला दोन्ही बाजू कळतात.)

जवळच एका गल्लीत या पुनर्बांधणीवरचं छोटंसं संग्रहालय आहे, जुन्या तळघरांमध्ये. तळघरं मात्र खरीच जुनी, कारण सुरुंग वरचं घेऊन गेले, खालचं राहिलं. तिथे ढिगारा उपसणाऱ्या लोकांचे फोटो आहेत. रांगेत उभे राहून एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात वीट. बायका, म्हातारे, शाळकरी मुलं. पायात धड बूट नाहीत, बहुतेकांना तेव्हा नीट छप्परही नसणार, आणि हे लोक चारशे वर्षांपूर्वीची कमान जशीच्या तशी उभारायला विटा साफ करताहेत. मी त्या फोटोसमोर 'सेट' हा शब्द मनात म्हणून बघितला. जमला नाही.

युनेस्कोने १९८० मध्ये जुन्या वॉर्साला जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. जुनं म्हणून नव्हे. तेराव्या ते विसाव्या शतकापर्यंतचा इतिहास जवळजवळ संपूर्णपणे पुन्हा बांधला म्हणून.

तोवर दोन वाजले होते आणि पोटात कावळे. पोलंडमध्ये 'बार म्लेचनी' नावाचा प्रकार आहे, शब्दशः दुधाचा बार. कम्युनिस्ट काळातली स्वस्त खानावळ, अजूनही सरकारी अनुदानावर चालते. काउंटरवर पैसे द्यायचे, चिठ्ठी खिडकीत द्यायची, ताट आपलं आपण उचलायचं. बटाटा आणि पनीरसारखं चीज भरलेल्या पिएरोगी घेतल्या, म्हणजे मुरड न घातलेली उकडीची करंजी समजा. सोबत बीट आणि ताकाचं गार सूप. रंग थेट सोलकढीचा. त्यात अर्धं उकडलेलं अंडं निघालं तेवढं शेजारच्या आजोबांकडे बघून हसत बाजूला ठेवलं. त्यांनी खुणेने विचारलं, नको? आणि उचलून खाल्लं. एकट्या प्रवासात असे जोडीदार मिळतात.

जेवून क्रासिन्स्की बागेतून पलीकडे गेले. बागेच्या कडेला, जनरल आंदेर्स यांच्या नावाच्या रस्त्यावर, माँते कासिनोच्या लढाईचं स्मारक आहे: पांढऱ्या संगमरवरातली, डोकं नसलेली विजयदेवता. १८ मे १९४४ ला इटलीतला तो डोंगरावरचा मठ आंदेर्स यांच्या पोलिश सैन्याने घेतला. (त्याच लढाईत खाली नदी ओलांडणाऱ्यांमध्ये आपली आठवी इंडियन डिव्हिजन होती, तिच्यात मराठा पलटणही.) दिवस नुकताच होऊन गेला होता, पुष्पचक्रांवरच्या लाल-पांढऱ्या फिती अजून ताज्या होत्या. आणि या स्मारकाच्या शेजारी वळिवड्याचा फलक आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये बसवलेला. ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधान मोदींनी तिथे फुलं वाहिली तेव्हा बातम्यांमध्ये दिसला होता, म्हणून मला ठाऊक होता.

तो नेमका इथेच का, हे उभं राहिल्यावर कळलं. १९४०-४१ मध्ये स्टालिनने पूर्व पोलंडमधल्या लाखो लोकांना सैबेरिया आणि कझाकस्तानात नेऊन टाकलं. जर्मनीने रशियावर हल्ला केल्यावर चक्रं फिरली, या लोकांची सुटका झाली. त्यांच्यातल्या पुरुषांमधून आंदेर्स यांनी सैन्य उभं केलं आणि ते इराणमार्गे बाहेर काढलं. सोबत निघालेल्या बायका, मुलं, म्हातारी माणसं कुठे ठेवायची हा प्रश्न. जामनगरच्या जामसाहेबांनी बालाचडीला मुलांना आसरा दिला (वॉर्सात त्यांच्या नावाचा 'भल्या महाराजाचा चौक' आहे, 'दोब्री' म्हणजे भला, चांगला, तोच आज्जीच्या शब्दातला). आणि सुमारे पाच हजार माणसं १९४३ पासून कोल्हापूर संस्थानातल्या वळिवड्याला राहिली. शाळा, चर्च, दवाखाना, नाटकं, सगळं होतं. म्हणजे आज्जीच्या वडिलांच्या टांग्यात बसून ज्या बायका बाजाराला यायच्या, त्यांच्यातल्या कुणाचा नवरा, कुणाचा मुलगा त्या वेळी इटलीतल्या डोंगरावर असणार.

युद्ध संपल्यावर त्यांची गावं रशियाच्या हद्दीत गेली होती. आंदेर्स यांचं नागरिकत्व १९४६ मध्ये पोलंडच्या नव्या सरकारनेच काढून घेतलं. छावणी १९४८ पर्यंत रिकामी झाली. कुणी पोलंडला परतलं, बरेच जण इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडाकडे गेले. वळिवड्याच्या त्या जागेवर सिंधमधून आलेले निर्वासित वसले आणि गांधीनगर झालं. आमच्या घरातल्या प्रत्येक लग्नाचा बस्ता गांधीनगरहून येतो. त्या दुकानांच्या गर्दीत आधी कुणाची घरं होती हे बस्ता बांधताना कुणाला आठवत नाही. मलाही कधी आठवलं नव्हतं.

मी फलकासमोरून दादाला व्हिडिओ कॉल लावला. भारतात संध्याकाळचे साडेसहा. दादाने फोन आज्जीसमोर धरला. आज्जी आता नव्वदीला टेकली आहे, ऐकू कमी येतं. मी ओरडून म्हटलं, "आज्जी, जंदोबरी!" ती म्हणाली, "आत्ता? संध्याकाळी कसली जंदोबरी?"

म्हणजे अर्थ तिला पक्का ठाऊक होता! एवढी वर्षं आम्हीच नीट विचारलं नव्हतं. मग तिनेच आपणहून सांगितलं, की एक बाई स्टेशनवरून टांग्यात बसायची, उतरताना घोड्याच्या मानेवर हात ठेवून त्यालाही काहीतरी म्हणायची, आणि तिचे वडील हसायचे. बाईचं नाव आठवत नाही. "लई उन्हात तांबडी व्हायची बिचारी," एवढंच.

फोन ठेवून रस्ता ओलांडला. रस्त्यापलीकडे मुरानुव. १९३९ मध्ये वॉर्सातल्या दर तीन माणसांतला जवळजवळ एक ज्यू होता आणि हा भाग त्यांच्या वस्तीचा. नोव्हेंबर १९४० मध्ये भिंत घालून इथे घेट्टो केला, चार लाखांहून जास्त माणसं कोंडली. १९४२ च्या उन्हाळ्यात अडीच लाखांहून अधिक लोकांना ट्रेब्लिंकाला नेऊन मारलं. १९ एप्रिल १९४३ ला उरलेल्यांनी उठाव केला, तो महिनाभर चालला, आणि जर्मनांनी हा भाग घरागणिक जाळून सपाट केला. जुन्या शहरापासून ही जागा पंधरा मिनिटांच्या चालीवर आहे. इथे काहीही पूर्वीसारखं बांधलेलं नाही. ढिगारा इतका होता की उपसायचं सोडून त्याच्यावरच १९४८ पासून नवी वसाहत उभी केली. विटांचा चुरा करून त्याचेच काँक्रीटचे ठोकळे केले. वास्तुकाराची इच्छा होती की भिंतींना गिलावा करू नये, त्या तांबूस, उघड्याच राहू द्याव्यात. नंतर गिलावा झाला. आज तिथे झाडं आहेत, बाकांवर म्हाताऱ्या बायका, सायकली. फक्त कित्येक इमारती रस्त्यापेक्षा उंचावर आहेत आणि दाराशी जायला पायऱ्या चढाव्या लागतात. कारण खाली जुनं मुरानुव आहे.

सकाळपासून मी 'जसंच्या तसं बांधावं की नाही' हा वाद मनात घालत होते, तो इथे थांबला. इथली घरं कशी होती हे हट्टाने सांगायला फारसं कुणी उरलंच नव्हतं. घेट्टोत रिंगेलब्लुम नावाच्या इतिहासकाराने सहकाऱ्यांबरोबर कागद जमवले होते. रेशनकार्डं, पत्रं, शाळेतले निबंध, मिठाईचे कागदसुद्धा. पत्र्याच्या पेट्यांत आणि दुधाच्या कॅनमध्ये भरून पुरले. १९४६ आणि १९५० मध्ये दोन साठे सापडले. तिसरा अजून सापडलेला नाही.

उठावाच्या स्मारकापाशी थोडा वेळ बसले. १९७० च्या डिसेंबरमध्ये पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर विली ब्रांट इथेच गुडघे टेकून बसले होते. समोर पोलिश ज्यूंच्या इतिहासाचं मोठं संग्रहालय आहे, पण आत जायचं त्राण उरलं नव्हतं. ते पुढच्या वेळी.

परत हॉटेलकडे चालत आले तेव्हा साडेसात झाले होते, ऊन अजून होतं. संस्कृती प्रासादाजवळच्या बागेत यानुश कोर्चाक यांचं स्मारक आहे, मुलांना कवेत घेऊन उभे. डॉक्टर, लेखक, अनाथाश्रम चालवणारे. त्यांचा घेट्टोतला शेवटचा आश्रम याच भागात होता. १८ जुलै १९४२ ला तिथल्या मुलांनी टागोरांचं 'डाकघर' नाटक केलं. आजारी अमल, खिडकी, राजाच्या पत्राची वाट. तीन आठवड्यांच्या आत जवळजवळ दोनशे मुलांना ट्रेब्लिंकाला नेलं, कोर्चाक त्यांना सोडून गेले नाहीत. आता त्या जागेवर प्रासादातलं मुलांचं कठपुतळ्यांचं थिएटर आहे. बाहेर दोन लहान मुली कबुतरांमागे धावत होत्या. मी बाकावर बसून बूट काढले, पायाला फोड आले होते.

तिथूनच काकांना मेसेज केला. ग्रुपवर नाही, त्यांना एकट्यांना. सेट म्हटलं ते चुकलं, असं लिहिलं. आणि दरवाजा-खांबांचं ठरवायचं तेव्हा ठरवू, पण पाडण्याआधी सगळ्या घराची मापं घेऊया का, असं विचारलं. सोपा, माडी, जिना, कोनाडे, न्हाणीसकट. काकांचं उत्तर रात्री आलं: "बघू." दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रुपवर सुविचार आला.

तर मंडळी, ज्यांच्याकडे मंगळवार पेठेतल्या घराचे जुने फोटो असतील (आत्या, तुझ्या साखरपुड्याचे नक्की आहेत, सोप्यातले) त्यांनी स्कॅन करून पाठवा. माणसांच्या मागची भिंत दिसली तरी चालेल. दादा गेल्या दोन रविवारी टेप घेऊन मोजतोय. त्याच्या हिशेबाने माडीच्या जिन्याला पंधरा पायऱ्या आहेत. आज्जी म्हणते सोळा. खालची एक, सोप्यात फरशी घातली तेव्हा बुजली.